सोल्यांचे दिवस आणि खालची ओळ

पौष लागला की आमच्या घरचं काम थांबायचं. पौषात लग्नं नसतात. लग्नं नाहीत तर पंगती नाहीत, आणि पंगती नाहीत तर माझ्या आईला कोण बोलावणार? माझी आई, शेवंता, लग्नाघरी भांडी घासायची. बाबा जिनिंगवर हमालीला जायचे. संध्याकाळी घरी आले की भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची पांढरी लव असायची आणि छातीत खोकला. खोकला वाढला की चार-चार दिवस घरी. दोन एकर कोरडवाहू वावर होतं, ते आम्हा चौघांना खाण्यापुरतंही पुरत नसे. म्हणून पौषात आई दुसऱ्यांच्या तुरीच्या शेंगा सोलायची. ओल्या तुरीच्या दाण्यांना आमच्याकडे सोले म्हणतात. थंडीत सोलेभात, सोल्यांची भाजी बऱ्या घरांतून रोज होते, पण नखं काळी करायला त्या घरांतलं कोणी तयार नसतं. पोतंभर शेंगा आमच्या अंगणात यायच्या आणि डबा भरून सोले परत जायचे. आमच्याकडे राहायची ती टरफलं, बकरीसाठी. सोलेभात मी पहिल्यांदा खाल्ला तो पुसदला, वसतिगृहाच्या मेसमध्ये. तेव्हा मी अठरा वर्षांची होते.

काल महागावच्या बाजारात शेंगा आल्या. ओल्या पोत्यांवर हिरवे-जांभळे ढीग, आणि स्टँडसमोरच्या गाडीवर मिठाच्या पाण्यात उकडत असलेलं पातेलं. तो वास लांबून येतो. गवताचा, ओल्या मातीचा, थोडा उग्र. लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मला शिसारी येते. शेंगेचा काही दोष नाही, हे मला कळतं. पण एका पौषात जे झालं ते या वासाला असं चिकटून बसलं आहे की, शेंग हातात घेतली की तिच्यातली अळीच आधी दिसते.

अळीचं सांगते. तुरीच्या शेंगेला बाहेरून बारीकसं भोक असतं. सोलणाऱ्या नव्या बाईला ते दिसत नाही. ती शेंग उकलते आणि आत दाण्याच्या जागी हिरवी, मऊ, लठ्ठ अळी झोपलेली. दाणा खाल्लेला, आणि दाण्याच्याच रंगाची झालेली. आई ती नखानं उडवून कोंबड्यांकडे टाकायची आणि म्हणायची, “पाह्य, कशी टम्म फुगली! न पेरता, न पाणी देता.” मला ओकारी यायची. अजून येते, आणि अळीवाचूनही येते.

माझ्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबा चौथी, आई शाळेत गेलीच नाही, भाऊ दहावीत थांबला. मी बी.एस्सी. झाले, संगणक विषय घेऊन, पहिल्या वर्गात. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं मिरवते. मिरवतेच. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या आहेत त्यांनी विनय करावा, त्यांना तो परवडतो.

पदवीनंतर आर्णीच्या बाजूला एका शिक्षणसंस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात मला संगणकाचे तास मिळाले. कायम नव्हते; दर जूनला नवं पत्र. संस्थेचं नाव मी घेत नाही. घेतलं तर त्यांची जाहिरात होईल.

त्याच काळात मी एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. त्याला कारण प्रल्हादभाऊ. प्रल्हादभाऊ म्हणजे आमच्या गावचे वायरमन. खांबावर चढून चढून पोटऱ्या दगडासारख्या झालेला माणूस, आणि त्यांना लिहायचा नाद. खांबावरून काय दिसतं ते लिहायचे. कोणाच्या छपरावर काय वाळतं, कोणत्या खांबावर कोणत्या पाखराचं घरटं, तारेला चिकटून मेलेला बगळा. मोबाइलवर लिहून कुठल्याशा मोठ्या फुकटच्या वेबसाइटवर टाकायचे. एकदा ते तडक आमच्या अंगणात आले आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

“ताई, हे पाहा! मी लिवलं बगळ्यावर, अन् बगळ्याच्या खाली कोण बाबा वशीकरण करून राह्यला! चोवीस तासात प्रेयसी वापस म्हणे!”

आई शेंगा सोलत होती. म्हणाली, “बगळ्याची येईन का वापस?”

आम्ही हसलो. पण मी ते पान पाहिलं आणि मला घाण वाटली. बगळ्यावरच्या बारा ओळी वाचायला तीन जाहिराती बाजूला सारायच्या, एक खोटं फुलीचं बटण दाबायचं, आणि खरी फुली कुठे ते शोधायचं. आमच्या गावात टॉवरची, म्हणजे रेंजची, एकच कांडी येते. त्या एका कांडीवरून आधी तो वशीकरणवाला बाबा उतरतो, मग वजन कमी करायचं चूर्ण, आणि शेवटी जागा उरली तर बगळा. माणसाचं लिहिणं म्हणजे यांना चिकटायला दाणा.

मी म्हटलं, “भाऊ, थांबा. मी करून देते. साधं.”

“किती दिवस लागन?”

“तुरी संपायच्या आत.”

त्या दिवसांत दुपारी दोनला कॉलेज सुटायचं. मी सायकलनं घरी यायचे आणि अंगणात बाजेवर लॅपटॉप घेऊन बसायचे. जुना घेतलेला, बॅटरी तासभर टिकणारी. पौषाचं ऊन पाठीला गोड लागतं, पण पडद्यावर काही दिसू देत नाही. मग आईचं जुनं लुगडं डोक्यावरून घेऊन, लॅपटॉपसकट स्वतःला झाकून मी तंबूत बसल्यासारखी बसायचे. त्या लुगड्याला राखेचा आणि चिंचेचा वास होता. पितळी भांडी घासणाऱ्या बाईच्या प्रत्येक कापडाला तो असतो, धुऊन जात नाही. आत मी लिहायचे, बाहेर आईचं चालू. शेंग फुटल्याचा टच् आवाज, दाणे डब्यात पडल्याचा आवाज, मधूनच कोंबडी.

“झालं का व मंदे?”

“नाही झालं.”

“माही अर्धी पोतडी झाली.”

जाणारे-येणारे कुंपणाशी थांबायचे. “काय करून राह्यली व पोरगी लुगड्यात?” आई सांगायची, “अंडे उबवून राह्यली.”

मी जे करत होते ते खरंच साधं होतं. सुटीत, मोकळ्या वेळात, एकटीनं करण्याजोगं. माणसानं साधा मजकूर लिहावा, त्याचं एक स्वच्छ पान व्हावं, मागच्या पानांची यादी आपोआप लागावी. बस. जाहिरात नाही, नाव-गाव-जन्मतारीख विचारणं नाही, नाचणारी चित्रं नाहीत. एका कांडीवर पटकन उघडावं इतकं हलकं. नाव ठेवलं ‘ओटा’. घरासमोरच्या ओट्यावर कोणीही येऊन बसतो, दोन शब्द बोलतो, उठून जातो, तसं. आणि ते मी मुक्त ठेवलं. म्हणजे त्याचा सगळा कोड कोणालाही पाहता यावा, नेता यावा, बदलता यावा, पैसा न देता. माझं शिक्षण असल्याच मुक्त सॉफ्टवेअरवर झालं होतं; मी ज्यांचं वापरलं त्यांतल्या एकानंही मला जात विचारली नव्हती की फी.

परवान्याची, म्हणजे हे कोणी कोणत्या अटीवर वापरावं याची, गोष्ट मी आईला समजावून सांगितली, त्याला कारण आहे. माझी आई वाचत नाही, पण नावं ओळखते. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात, ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत. लग्न असलं की गावभरातून भांडी गोळा व्हायची: याचा गंज म्हणजे मोठं पातेलं, त्याची परात, तिसऱ्याच्या घागरी. जेवणं उठली की सगळी भांडी एका ढिगात. आई घासायची आणि घासता घासता वेगळी लावायची. ज्याचं त्याच्या रांगेत, एकही चूक नाही. अक्षर तिला येत नव्हतं. चित्र येत होतं. “याच्या नावाले शेवटी काठी हाये. त्याच्या नावावर दोन चिमण्या बसल्या हायेत. हे लांबलचक, नांगरासारखं, हे पाटलाचं.” आता भांडी भाड्यानं देणारी बिछायत केंद्रं झाली, सगळ्या गंजांवर एकच नाव, त्यामुळे तिची ही विद्या वाया गेली. पण तेव्हा सुशिक्षित माणसं तिला विचारायला यायची, “शेवंताबाई, आमची परात कोणती?”

तर मी सांगितलं, “माय, हे कोणीबी न्यावं, वापरावं, त्यात फेरफार करावा. फक्त खालचं नाव ठेवावं. एवढीच अट.”

“म्हंजे लग्नाले गंज नेते तसं.”

“हो.”

“मंग वापस कवा देते?”

“वापस द्यायचं नसते.”

तिनं शेंग हातातच धरली. “वापस नाई द्याचं, त मंग नाव कायले?”

मी म्हटलं, “कोणं केलं ते कळावं म्हणून.”

“ते त कोणालेच कळत नाई बाई,” ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. “मी एवढे गंज घासले. चमकले की म्हणे, पाटलाचा गंज कसा चमकते!”

त्या दुपारी मी परवान्यात आणि प्रत्येक पानाच्या तळाशी आपोआप येणाऱ्या ओळीत माझं नाव घातलं नाही. लिहिलं: हे शेवंताचं आहे. न्या, वापरा, नाव पुसू नका. मग लुगड्याबाहेर येऊन तिला पडदा दाखवला. ऊन होतं, तिनं तळहाताची सावली केली. कुठलं तुझं नाव, ते बोटानं दाखवलं. तिनं बराच वेळ पाहिलं. आमच्या घरच्या भांड्यांवर आजोबांचं नाव होतं, मग बाबांचं. तिचं नाव तिनं रेशनकार्डावर पाहिलं असेल, पण ते कोणी बोट ठेवून दाखवलं नव्हतं.

“बरं दिसते,” ती म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली.

प्रल्हादभाऊंचं पहिलं पान लागलं ते संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात. बगळाच पहिला. एका कांडीवर क्षणात उघडला, आणि खाली शेवंता. भाऊंनी ते पान खांबावरून मला फोन करून वाचून दाखवलं. “ताई, वर चढून पाह्यलं, इथं दोन कांड्या हायेत! लय लवकर उघडलं!” मी ओरडले, “भाऊ, आधी खाली उतरा!”

इथवर सगळं स्वच्छ आहे. इथून पुढे घाण.

चूक माझी होती, आणि ती गरिबाच्या शिकलेल्या मुलीनेच करावी अशी होती. आपण केलेलं मोठ्या माणसानं पाहावं, असं मला वाटलं. संस्थेचे सचिव, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्यांच्या टेबलासमोर मी आपण होऊन ‘ओटा’ उघडून दाखवला. त्यांनी चष्मा वर-खाली केला. “वा मॅडम! म्हणजे आपले विद्यार्थी यावर लिहू शकतात? अन् पैसे?” मी फुशारकीनं म्हटलं, “मुक्त आहे सर. कोणीही घ्या.” त्यांनी दोनदा विचारलं, “कोणीही?” आणि मी दोनदा मान हलवली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर लोकार्पण ठेवलं होतं. मला वाटलं, माझ्या कामाचं. आईला नेलं. ती लग्नातली साडी नेसली होती आणि नखांतला काळा रंग जावा म्हणून लिंबू चोळून आली होती. पटांगणात मंडप, मंडपात फलक, फलकावर भाऊसाहेबांचा हात जोडलेला फोटो. खाली मोठ्या अक्षरांत: संकल्पना व निर्मिती, आणि त्यांचं नाव. ‘ओटा’ हे नाव गेलं होतं. त्याच्या जागी एक लांबलचक संस्कृत नाव, ज्याचा उच्चार सूत्रसंचालकाला तिन्ही वेळा जमला नाही. पाहुण्यांनी बटण दाबलं, पडद्यावर पान आलं. रंग बदललेला, पण अंग तेच. ते चालताना मी ओळखलं, आपलं वासरू ओळखावं तसं.

मग माईकवर माझं नाव आलं. तांत्रिक साहाय्याबद्दल. मी उठले, वर गेले, शाल घेतली, नारळ घेतला, वाकून नमस्कारही केला. फोटो आहे त्याचा. फोटोत मी हसते आहे. त्या हसण्याची मला जेवढी किळस येते तेवढी भाऊसाहेबांचीही येत नाही.

खाली येऊन बसले तर आई पडद्याकडे टक लावून पाहत होती. वरपासून खालपर्यंत, परत खालपासून वर. मग मला म्हणाली, हळू बोलायची सवय नसल्यामुळे दोन रांगांना ऐकू जाईल अशी, “मंदे, मी त याच्यात नाई.”

शेजारच्या बाईंनी विचारलं, “काय म्हणता मावशी?”

“काई नाई,” आई म्हणाली. “नाव घासलं कोणंतरी.”

मला तेव्हा एका लग्नातली गोष्ट आठवली. ढिगात एक पितळी गंज आला होता, काठावर नाव नसलेला. आईनं काठावरून अंगठा फिरवला आणि थांबली. “इथं होतं,” म्हणाली. “विटेनं घासलं. हाताले लागते.” आणि तो गंज तिनं घासला नाही. पालथा घालून बाजूला ठेवला. यजमान म्हणाले, अवो, घासून टाका. ती म्हणाली, “कोणाचा हाये ते सांगा, घासतो.” कोणी सांगितलं नाही, आणि तो पालथा गंज दिवसभर मंडपात सगळ्यांना दिसत राहिला.

लोकार्पणाच्या दुसऱ्या दिवशी मी भाऊसाहेबांकडे गेले.

“सर, खालची ओळ कोणी काढली?”

“कोणती ओळ? हां, ते शेवंता-बिवंता! अवो मॅडम, विद्यार्थ्यांपुढं बरं दिसते का ते? कोण शेवंता?”

“माझी आई.”

ते हसले. “मग घरी लावा न फोटो आईचा! अन् तुम्हीच त बोलले, कोणीही घ्या.”

“घ्या म्हटलं. नाव पुसा नाही म्हटलं. परवान्यात तशी अट आहे.”

“फुकटच्या वस्तूला कसली आली अट?” त्यांनी समोरच्या बशीतली उकडलेली शेंग उचलली. हो, शेंगाच होत्या, शिपायानं आणलेल्या, वाफाळत्या. शेंग दातांतून ओढली, टरफल बशीत टाकलं. “शाल दिली न तुम्हाला? चांगली होती. मीच निवडली.”

तो वास तेव्हापासून.

स्टाफरूममध्ये सगळे माझ्या बाजूचे होते, दार लावलेलं असेपर्यंत. एक सर म्हणाले, “मॅडम, सोडून द्या. जूनचं पत्र त्याच्याच हातात हाये.” दुसरे म्हणाले, “एवढी एक ओळ! त्यात काय सोनं लागलं?” मी म्हटलं, सोनं नाही म्हणूनच विचारते, सोनं असतं तर तुम्हीही विचारलं असतं. मग त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

मी रोज ती शाल पाहायचे आणि मला वाटायचं, आपणही त्या शेंगेसारख्या आहोत का, आतून कोणी खाऊन टाकलेल्या आणि बाहेरून हिरव्या. शिकले कशासाठी मग? आई भांडी घासायची आणि घासलेल्या नावाचं भांडं नाकारायची. मी पदवी घेतली आणि शाल स्वीकारली. हा हिशेब मला झोपू देत नव्हता असं लिहिणार होते, पण खोटं होईल. झोप लागायची. सकाळी उठल्यावर तोंड कडू असायचं, एवढंच.

मग मी अर्ज लिहिला. साध्या मराठीत, एक पान. सोबत परवाना जोडला. त्यांच्या पानांमागचा कोड उघडून पाहिला होता. नाव काढणारा माणूस घाईत होता, वरवर घासलं होतं. जो मजकूर तात्पुरता ठेवून टाकून द्यायचा असतो त्या जागेला मी ‘टरफल’ असं नाव दिलं होतं. ते ‘टरफल’ त्यांच्या कोडात एकवीस ठिकाणी तसंच होतं. ती सगळी ठिकाणं लाल शाईनं अधोरेखित करून जोडली. आवक-जावकच्या टेबलावर दिला, शिक्का घेतला. पुढच्या सोमवारी परत तोच अर्ज, नव्या तारखेचा.

“मॅडम, मागच्या सोमवारचाच साहेबांनी अजून पाह्यला नाई,” कारकून म्हणाला.

“म्हणून तर आजचा आणला.”

असे सोमवार गेले. तूर खळ्यावर आली, शेंगांचे दिवस संपले, गहू निघाला, तरी माझे सोमवार चालू. आई आता परत लग्नाघरी जात होती. तिनं मला कधी विचारलं नाही की काय झालं. प्रल्हादभाऊ मात्र विचारायचे. आणि त्यांनी एक केलं, बगळ्यांना सोडून पहिल्यांदाच माणसांवर लिहिलं: खांबावरून पाहिलं तर कोणी कोणाच्या तारेवर आकडा टाकला ते स्पष्ट दिसतं, आकडा टाकणाऱ्याला वाटतं कोणी पाहत नाही. नाव कोणाचं नव्हतं. पण तालुक्यात ते पान बरंच फिरलं.

शेवटी फोन आला तो संस्थेची वेबसाइट सांभाळणाऱ्या यवतमाळच्या माणसाचा. अर्जाची एक प्रत मी त्यालाही पाठवली होती. “मॅडम, मला सांगितलं होतं घरचंच काम आहे, काढा नाव. माझे आणखी दोन गिऱ्हाईक तुमच्याच ओट्यावर चालतात. मला लफडं नको. ओळ टाकतो, पण तुम्ही अर्ज थांबवा.” पटलं म्हणून नाही, चूक झाली म्हणून नाही. लफडं नको म्हणून. मी म्हटलं, टाका.

त्यानं टाकली. पांढऱ्यावर फिकट राखाडी, मुंगीएवढी. आईला दाखवली तर ती मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, “एवढं बारीक काहून लिवलं? शाई संपली का त्याची?” मग हसली. मला हसू आलं नाही. चांगलं काम चांगल्या मनानं झालं नाही की ते झाल्यावरही हात धुवावेसे वाटतात.

जूनमध्ये मला संस्थेचं पत्र आलं नाही. आता मी महागावला एका सेवा केंद्रात बसते, लोकांचे फॉर्म भरते, आणि रविवारी ओट्याची डागडुजी करते. भाऊसाहेबांनी माफी मागितली नाही, मागणारही नाहीत. त्यांचा फलक अजून तिथेच आहे. ओटा फुकट आहे, चालतो आहे. प्रल्हादभाऊ त्यावर लिहितात, आणखी माझ्या ओळखीचे-बिनओळखीचे पुष्कळ लिहितात. आणि त्या संस्थेच्या प्रत्येक पानाच्या तळाशी माझ्या आईचं नाव आहे. ते मी परत लिहून घेतलं.